डिप्लोमाची मुलं डिग्रीत टिकावीत म्हणून दोन कॉलेजांनी मिळून काय करायचं

डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेलेलं पोर पहिल्यांदा कुठे अडकतं, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: एम-थ्रीच्या, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरच्या गणिताच्या पेपरात. मी स्वतः तिथेच अडकले होते. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा चांगल्या गुणांनी झाला होता. मोटर उघडून पुन्हा जोडता येत होती, स्टार्टरचं वायरिंग आकृती न बघता करत होते. पण डिग्रीच्या वर्गात सरांनी फळ्यावर हायर ऑर्डरचं डिफरन्शियल इक्वेशन लिहिलं आणि "इथपर्यंतचं तुम्ही एम-टूत केलंच आहे" म्हणून पुढे गेले. मी एम-टू केलेलं नव्हतं. डिप्लोमावाल्यांना पहिलं वर्षच नसतं.

आता मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पॉलिटेक्निकला शिकवते. वर्गात ऊसतोड कामगारांची मुलं आहेत, दोन-तीन एकर कोरडवाहूवाल्यांची आहेत, तांड्यावरची आहेत. बारावी सायन्स करून लातूरला क्लास लावायची ऐपत नाही, म्हणून दहावीच्या गुणांवर डिप्लोमाला येणारी ही मुलं. घरातून कॉलेजात पाऊल ठेवणारं बहुतेक प्रत्येक जण पहिलंच. यातली काही पुढे डिग्रीला जातात आणि त्यातली काही तिसऱ्या सेमिस्टरमध्येच हरवतात. हे हरवणं थांबवण्यासाठी आम्ही विभागातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजशी सामंजस्य करार करून जोडून घेतलं. त्याला आता सहा वर्षं झाली. तुम्ही पॉलिटेक्निकचे किंवा डिग्री कॉलेजचे शिक्षक असाल आणि असं काही सुरू करायचं मनात असेल, तर आम्ही खाल्लेल्या ठेचा तुम्हाला लागू नयेत म्हणून हे लिहिते आहे.

## १. आधी समजून घ्या की करारातून प्रवेश मिळत नाही

ही गोष्ट पालकांना, मुलांना आणि स्वतःच्या प्राचार्यांनाही पहिल्याच दिवशी सांगा. मॅनेजमेंट कोटा सोडला तर थेट दुसऱ्या वर्षाचे प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांतूनच होतात. जागा मंजूर क्षमतेच्या १० टक्के असतात, शिवाय पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या जागा त्यात मिळतात. कोणाला कुठे लागेल ते गुणवत्ता यादी ठरवते. दोन कॉलेजांत करार आहे म्हणून कोणाची जागा राखून ठेवता येत नाही.

हे न सांगितल्याचा मला फटका बसलेला आहे. पहिल्या वर्षी एका मुलाचे वडील म्हणाले, "मॅडम, तुमचा करार हाय म्हणून मी दुसरं कॉलेजच भरलं नाही." पोरगा चांगला होता, पण पर्याय यादीत एकच नाव टाकल्यामुळे पहिल्या फेरीत हात रिकामे राहिले.

यातून दुसरी गोष्ट निघते. तुमच्याकडची दहा मुलं चार-पाच वेगवेगळ्या कॉलेजांत विखुरणार आहेत. म्हणून भागीदार कॉलेजाकडून जे काही मागाल ते सगळ्या मुलांच्या कामी येणारं असावं. फक्त तिथे लागलेल्यांसाठी नको.

## २. जोडीदार कॉलेज शोधताना नावापेक्षा अंतर बघा

सगळ्यांना वाटतं, पुण्या-मुंबईच्या नामांकित संस्थेशी करार व्हावा. आम्हीही तसंच केलं होतं. सह्या झाल्या, शाल-श्रीफळ झालं, फोटो छापून आला आणि त्यानंतर वर्षभर एकही फोन उचलला गेला नाही. त्या कॉलेजात वाईट माणसं होती असं नाही. आमचं काम तिथे कोणाचंच नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या वेळी मी उलट बाजूने सुरुवात केली. आमची मागच्या तीन वर्षांतली मुलं कुठे लागली त्याची यादी काढली, सगळ्यात जास्त मुलं ज्या कॉलेजात होती तिथे गेले आणि प्राचार्यांच्या आधी गणिताच्या शिक्षकांना भेटले. त्यांना विचारलं, "सर, डिप्लोमाची मुलं तुमच्या वर्गात कुठे मागे पडतात?" ते दीड तास बोलले. असा माणूस सापडला की अर्धं काम झालं.

बघायच्या गोष्टी अशा: एसटीने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढं अंतर, उन्हाळ्यात रिकामं होणारं वसतिगृह, त्यात मुलींचंही, आणि थेट दुसऱ्या वर्षातून आलेली पुरेशी सीनियर मुलं.

त्या कॉलेजाच्या प्राचार्यांना पटवायचं असेल तर नॅकचा, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचा, मुद्दा काढा. नॅकच्या मूल्यांकनात चालू असलेल्या सामंजस्य करारांना आणि त्याखाली झालेल्या उपक्रमांना स्थान आहे. तुमच्या हजेरीपत्रकांची आणि निकालांची त्यांना फाइलसाठी गरज पडेल, आणि ती तुम्ही देऊ शकता.

## ३. करार दोन पानांचा करा, पण त्यात माणूस लिहा

वकिली भाषेचे आठ पानी नमुने बाजूला ठेवा. आमच्या करारात आता एवढंच असतं:

- दोन्ही बाजूंचा एकेक समन्वयक, पदाच्या नावासह. बदली झाली तर पंधरा दिवसांत नवा नेमायचा.
- जूनमध्ये २० दिवस दोन वर्गखोल्या, वसतिगृह आणि मेस.
- आमच्या अंतिम वर्षाच्या मुलांना तिथल्या ग्रंथालयात बसून वाचायची परवानगी आणि सेमिस्टरमध्ये दोन दिवस प्रयोगशाळा.
- आमच्या मुलांच्या निकालाची माहिती, त्यांच्या लेखी संमतीने, दर सेमिस्टरला आमच्याकडे.
- खर्च कोणी काय उचलायचा.
- मुदत तीन वर्षं. एक वर्षाचा करार नको, कारण पहिलं वर्ष शिकण्यातच जातं.

देवाणघेवाण दोन्हीकडून व्हावी. आमच्याकडे वर्कशॉप चांगलं आहे; त्यांच्या बारावीतून आलेल्या मुलांनी लेथ मशीनला हात लावलेला नसतो. ती मुलं चार दिवस आमच्याकडे येतात आणि आमची दुसऱ्या वर्षाची मुलं त्यांना शिकवतात. आमच्या मुलांची मान त्या चार दिवसांत जेवढी ताठ होते तेवढी माझ्या कुठल्याच भाषणाने झालेली नाही.

## ४. कागदपत्रं दसऱ्याच्या आत

बाहेरच्या माणसाला हा मुद्दा लहान वाटेल. माझ्या अनुभवात गणितानंतर सगळ्यात जास्त मुलं इथे गळतात.

दसरा झाला की आमच्याकडची गावं रिकामी होतात. आई-वडील मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर जातात ते मार्च-एप्रिलपर्यंत येत नाहीत. त्या काळात वडिलांची सही, शपथपत्र, आजोबांच्या शाळेचा उतारा, काहीच हलत नाही. म्हणून अंतिम वर्षाच्या मुलांची कागदपत्रांची तपासणी आम्ही ऑगस्टमध्ये घेतो, प्रवेशाच्या दहा-अकरा महिने आधी.

लागणारी कागदपत्रं:

- दहावीची गुणपत्रिका, डिप्लोमाच्या सर्व गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला
- अधिवास आणि राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र
- जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र
- नॉन-क्रीमिलेअर (अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही) किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- आधार आणि आधारशी जोडलेलं बँक खातं
- लागू असल्यास दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र

यातलं जात वैधता प्रमाणपत्र सगळ्यात वेळ खातं. अनेक मुलांनी डिप्लोमाला नुसत्या जातीच्या दाखल्यावर प्रवेश घेतलेला असतो आणि वैधतेचं नाव ती पहिल्यांदा डिग्रीच्या वेळी ऐकतात. अर्ज नमुना १६ मध्ये, वंशावळीचं शपथपत्र नमुना ३, दुसरं शपथपत्र नमुना १७, आणि कॉलेजच्या सही-शिक्क्याचा १५ अ. हा १५ अ देणं तुमच्याच हातात आहे, तर कार्यालयाला सांगून ठेवा की त्यासाठी मुलाला दोन खेटे पडता कामा नयेत.

पुरावा किती जुना हवा हे प्रवर्गावर आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबांचा प्रवेश निर्गम उतारा, जुना महसुली कागद, कोतवाल बुकातली नोंद, जे सापडेल ते शोधावं लागतं. रक्ताच्या नात्यात कोणाची वैधता आधी झालेली असेल तर ती जोडा; काम पुष्कळ सोपं होतं. अनुसूचित जमातींच्या समित्या वेगळ्या आहेत आणि त्या प्रत्येक जिल्ह्याला नाहीत, म्हणून त्या मुलांचं प्रकरण सगळ्यांच्या आधी हाती घ्या.

नेहमीच्या चुका: गुणपत्रिकेवर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं, नॉन-क्रीमिलेअरची मुदत ३१ मार्चलाच संपलेली, आणि तीन बँकांत खाती. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. मुलगा एका खात्याकडे डोळे लावून बसतो आणि पैसे दुसऱ्याच, बंद पडलेल्या खात्याच्या दिशेने गेलेले असतात.

## ५. जूनचे २० दिवस

एमएसबीटीईची (राज्य तंत्रशिक्षण मंडळाची) परीक्षा संपल्यावर निकाल आणि कॅपच्या फेऱ्या यांच्या मध्ये मुलं मोकळी असतात. बरीचशी एमआयडीसीत रोजंदारीला जातात. ते दिवस आपल्याला हवे आहेत, आणि घर चालवणाऱ्या मुलाचे ते दिवस फुकट मागणं बरोबर नाही. आम्ही जेवण, राहणं आणि एसटीचं भाडं देतो. ज्याच्या रोजगारावर घर आहे त्याच्यासाठी हाच वर्ग रविवारी आमच्याच गावात घेतो.

काय शिकवायचं याबद्दल माझं मत पक्कं आहे: एम-थ्री शिकवू नका. पहिल्या वर्षी आम्ही तीच चूक केली. थेट लाप्लास ट्रान्स्फॉर्मला हात घातला आणि तिसऱ्या दिवशी वर्ग गप्प झाला. लाप्लास म्हणजे शेवटी एक इंटिग्रेशन आहे. जाताना बाय पार्ट्स लागतं, परत येताना पार्शियल फ्रॅक्शन. हे दोन्ही हातात बसलेलं नसेल तर वरचा मजला उभा राहत नाही. त्यामुळे आता क्रम असा:

पहिले पाच दिवस बीजगणिताची डागडुजी, त्रिकोणमिती, पार्शियल फ्रॅक्शन, कॉम्प्लेक्स नंबर. मग तीन दिवस मॅट्रिक्स: रँक आणि आयगेन व्हॅल्यू. मग डिफरन्सिएशनची उजळणी करून पार्शियल डेरिव्हेटिव्ह. मग इंटिग्रेशन, आणि त्याला सगळ्यात जास्त वेळ. डबल इंटिग्रलपर्यंत पोचलात तरी खूप झालं. शेवटचे चार दिवस पहिल्या ऑर्डरची डिफरन्शियल इक्वेशन्स. रोज सकाळी अडीच तास शिकवणं, दुपारी तीन तास मुलांनी स्वतः गणितं सोडवणं. दुपारचा भाग कधीही कापू नका.

शिकवणारा कोण? सकाळी त्यांचे प्राध्यापक. दुपारी मात्र मागच्या वर्षी एम-थ्री सुटलेली आपलीच सीनियर मुलं बसवा आणि त्यांना मानधन द्या. "मला पण काही येत नव्हतं" हे वाक्य प्राध्यापकाच्या तोंडून मुलांना खरं वाटत नाही, दादाच्या किंवा ताईच्या तोंडून वाटतं.

संध्याकाळी एक तास भाषेसाठी. आमची मुलं डिप्लोमात उत्तरं इंग्रजीत लिहितात, पण समजून घेतात मराठीत, आणि शहरातल्या वर्गात कोणी प्रश्न विचारला की मान खाली घालतात. आम्ही इंग्रजीचा तास घेत नाही. प्रत्येकाने आपल्या डिप्लोमा प्रोजेक्टबद्दल पाच मिनिटं बोलायचं, आधी मराठीत, दुसऱ्या आठवड्यात इंग्रजीत. संगणकाच्या सरावासाठी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल वापरा. ते फुकट आहेत, मराठीतही आहेत आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालतात.

## ६. पहिले सहा आठवडे: इथे रोज लक्ष हवं

थेट दुसऱ्या वर्षाच्या फेऱ्या लांबतात. मुलगा कॉलेजात पोचतो तेव्हा तिसरं सेमिस्टर सुरू होऊन बरेच दिवस झालेले असतात. एक-दोन युनिट शिकवून झालेली, जर्नलची प्रात्यक्षिकं झालेली, मैत्रीचे गट पडलेले, वसतिगृह भरलेलं. आणि महिन्याभरात कमी हजेरीवाल्यांच्या डिफॉल्टर यादीत त्याचं नाव लागतं, कारण हजेरी पहिल्या दिवसापासून मोजली जाते.

समन्वयकांशी हे चार मुद्दे सेमिस्टरच्या आधी लेखी ठरवून घ्या:

१. हजेरी प्रवेशाच्या तारखेपासून मोजायची.
२. राहिलेल्या प्रात्यक्षिकांसाठी दोन शनिवार.
३. पहिली चाचणी हुकली असेल तर पुन्हा संधी.
४. प्रात्यक्षिकाच्या गटात डिप्लोमाची सगळी मुलं एकत्र टाकायची नाहीत.

चौथा मुद्दा लोक सोडून देतात, मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. बारावीतून आलेल्या मुलाला गणित येतं, आपल्या मुलाला यंत्र कळतं. दोघांना एका टेबलावर बसवलं की एकमेकांची गरज पडते. डिप्लोमावाल्यांचा वेगळा गट केला की त्यांना वर्गात शेवटचा बाक मिळतो आणि तो तीन वर्षं सुटत नाही.

या सहा आठवड्यांत मी प्रत्येक मुलाला दर रविवारी फोन करते. "अभ्यास कसा चाललाय" असं विचारलं की "बरं चाललंय मॅडम" एवढंच येतं. म्हणून मी विचारते: या आठवड्यात जेवण कुठे केलंस, कोणाशेजारी बसलास, कोणता तास बुडवलास. तीन रविवार सलग उत्तर आलं नाही तर समन्वयकांना कळवते आणि ते खोलीवर जाऊन बघून येतात. दोन मुलं अशी परत आली आहेत. एकाकडे मेसचे पैसे नव्हते, म्हणून तो वर्गात जायचा बंद झाला होता. गणिताचा त्यात काही संबंध नव्हता.

## ७. पैशांचं गणित मुलाच्या हातात लिहून द्या

योजना बऱ्याच आहेत, पण त्या वेगवेगळ्या खात्यांच्या आहेत आणि मुलाला एकही नाव पूर्ण माहीत नसतं. महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवर अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त-भटके, इतर मागास यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या आणि शुल्क सवलती. खुल्या प्रवर्गासाठी आठ लाखांच्या उत्पन्न मर्यादेची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. त्याच्या जोडीला डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांना स्वाधार, आदिवासी मुलांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना, इतर मागास आणि भटक्यांना सावित्रीबाई फुले आधार योजना. वसतिगृहाचा अर्ज आधी भरलेला असणं महत्त्वाचं. त्याची पोच सांभाळून ठेवायला सांगा.

मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर यातलं बहुतेक हातचं जातं. ऐनवेळी "जागा मिळतेय, भरून टाका" म्हणणारे एजंट भेटतात. पालकांच्या बैठकीत हे दोनदा सांगा.

शिष्यवृत्ती कितीही नक्की असली तरी पैसे उशिरा येतात. म्हणून आम्ही माजी विद्यार्थ्यांकडून एक छोटा निधी उभा केला आहे. पहिल्या दोन महिन्यांच्या मेसपुरते पैसे त्यातून देतो आणि शिष्यवृत्ती आली की मुलं परत करतात. वसुलीचा त्रास मला आजवर झालेला नाही.

## ८. मुलींसाठी वेगळी बैठक

डिप्लोमाला आलेली मुलगी डिग्रीला जात नाही याचं कारण गुण क्वचितच असतं. लग्न, अंतर आणि "एवढा खर्च कशाला" ही तीन कारणं. तिसऱ्याचं उत्तर आता बऱ्याच अंशी मिळालं आहे: २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपयांची आहे, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी तशीच सक्षम. प्रगतीचा अर्ज थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतल्याच्या वर्षीच करावा लागतो; तो हुकला की पुढच्या वर्षी नव्याने करता येत नाही. दोन शिष्यवृत्त्या एकत्र चालतील का हे अर्ज भरण्याआधी कॉलेजच्या विभागात विचारून घ्या.

अंतराचं उत्तर कागदावर देता येत नाही. आम्ही जुलैच्या आधी आई-वडिलांना, शक्यतो आईला, एसटीने त्या कॉलेजात घेऊन जातो. वसतिगृह दाखवतो, वॉर्डन बाईंशी बोलणं करून देतो, आणि आपल्याच तालुक्याची तिथे शिकणारी एखादी मुलगी त्यांना चहा पाजते. त्या चहानंतर बऱ्याच आया होकार देतात.

## ९. वही ठेवा

एक साधी वही किंवा एक्सेल शीट. नाव, गाव, डिप्लोमाचे गुण, कोणत्या कॉलेजात लागला, जूनच्या वर्गाला किती दिवस आला, एम-थ्री पहिल्या फटक्यात सुटला का, तिसऱ्या आणि चौथ्या सेमिस्टरला किती केटी (राहिलेले विषय), शिष्यवृत्ती कोणत्या महिन्यात आली, आता कुठे आहे. ही वही कॉलेजच्या फाइलसाठी उपयोगी आहेच, पण आम्हाला ती वाचूनच कळलं की आमची सिव्हिलची मुलं गणितात तरतात आणि चौथ्या सेमिस्टरला दुसऱ्याच विषयात अडकतात. यंदा जूनमध्ये त्यांच्यासाठी स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सचे चार दिवस वाढवले आहेत.

वहीची एक प्रत भागीदार कॉलेजाच्या समन्वयकाकडे असू द्या, आणि तुमची बदली झाली तर चार्ज देताना यादीत या वहीचं नाव लिहा. माझ्या आधीच्या सरांनी मुलांचे फोन नंबर स्वतःच्या डायरीत ठेवले होते. ते गेले तेव्हा डायरीही गेली, आणि मला तीन वर्षांची मुलं गावोगावच्या बसस्टँडवर विचारत शोधावी लागली.